माझ्या छातीवरचा निबंध

गिरणीच्या कार्डिंग खात्यात मी वीस वर्षे काढली. कापसाच्या धुळीने छाती कायमची धरली. १९९० च्या सुमारास काही डॉक्टर मंडळी तपासणीला आली होती. पाळी संपल्यावर आम्ही रांगेत उभे राहून नळीत फुंकर मारली, खोकला कधीपासून आहे ते सांगितले. पुढे त्याचे काय झाले, हे आम्हाला कोणी कळवले नाही.

गेल्या वर्षी धाकटी लेक मोबाईलवर शोधता शोधता म्हणाली, "अण्णा, तुमच्या तपासणीवरचा निबंध सापडला. पण वाचायला पस्तीस डॉलर मागतात!"

म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये. माझी दोन महिन्यांची पेन्शन!

"हे पैसे त्या डॉक्टरांना मिळतात का ग?"

"नाही, अण्णा. लिहिणाऱ्याला आणि निबंध तपासणाऱ्यांना बहुधा काहीच मिळत नाही. पैसे प्रकाशकाचे."

संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी असतो, म्हणजे तुमच्याआमच्या कराचा. म्हणूनच २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात विद्वानांनी मागणी केली, की संशोधन इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता यावे. आपल्याकडे पीएच.डी.चे लाखो प्रबंध 'शोधगंगा'वर कोणालाही फुकट वाचता येतात. शोधपत्रिकांसाठी केंद्र सरकारने २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आणली. पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरती. खासगी कॉलेजात शिकणारी माझी लेक आणि घरात खोकणारा मी, दोघेही दाराबाहेरच.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध आज कोणीही घरबसल्या फुकट वाचू शकतो. माझ्याच छातीवरचा निबंध मात्र कुलपात!

शेवटी लेकीने लेखक डॉक्टरांनाच ई-मेल पाठवला. आठ दिवसांत त्यांनी आनंदाने प्रत धाडली. लेकीने ती मराठीत वाचून दाखवली. धूळ ओढून घेणारी यंत्रे खात्यात बसवावीत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी गप्प झालो. आम्ही तोंडाला रुमाल बांधून भागवत होतो. हे तेव्हा हाती असते, तर युनियनच्या सभेत टेबलावर आपटले असते. माझ्या शेजारी काम करणारे दोघे आज हयात नाहीत.

वाचकहो, वस्तीत कोणी प्रश्न विचारायला आले तर उत्तरे जरूर द्या, चहाही पाजा. पण निघताना एवढे विचारा : "साहेब, हे छापून आल्यावर आम्हाला वाचायला मिळेल ना?"