चव्वेचाळीस पत्त्यांचे भुयार

पत्त्यांच्या बाबतीत मी स्वतःला मोठा जाणकार समजत आलो आहे, आणि तसे समजायला कारणही आहे. ३२ वर्षे मी अंबरनाथहून व्ही. टी.ला नोकरीसाठी जात होतो. (स्टेशनाचे नाव मधल्या काळात दोनदा बदलले, पण आमच्या तोंडी शेवटपर्यंत व्ही. टी.च राहिले.) त्या ३२ वर्षांत सकाळी माझ्या गुडघ्यांवर कोणाची तरी ब्रीफकेस आणि तिच्यावर मेंढीकोटचा डाव नाही, असे दिवस फार थोडे. डोंबिवलीला पत्ते वाटले जायचे, ठाण्याला कोट व्हायचा, घाटकोपरला भांडण आणि भायखळ्याला समेट! जोडीदाराच्या भुवईवरून त्याच्या हातात दश्शी आहे की दुर्री हे ओळखणारा मी माणूस. तेव्हा या वयात पत्त्यांचा नवा डाव मला कोणी शिकवील, आणि तोही बारा वर्षांचा नातू, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

निवृत्त झाल्यावर आम्ही चिखलोलीला राहायला आलो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधला हा भाग मी गाडीच्या खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिला होता. तेव्हा इथे भातखाचरे होती, पलीकडे धरण होते, आणि आभाळ स्वच्छ असले की मलंगगडाचा सुळका दिसे. जागा घेताना 'स्टेशन काय, आता होईलच' असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्या 'होईलच'च्या भरवशावर इथली पुष्कळ माणसे म्हातारी झाली. पण तो या लेखाचा विषय नाही.

जुलैमधल्या एका संध्याकाळी धो धो पाऊस लागला होता आणि वीज गेली. चिरंजीव आणि सूनबाई गाडीत कुठे तरी अडकलेली. नातवाच्या मोबाइलने मान टाकली. या मोबाइलवर तो एक खेळ खेळत असतो. एक वीर भुयारात शिरतो, खोलीमागून खोली ओलांडतो, राक्षस मारतो आणि तलवारी गोळा करतो. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत निघालेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मंडळी टेबलाभोवती बसून खेळत आणि प्रत्येक जण कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होई. पुढे हे भुयार संगणकात गेले, तिथून मोबाइलमध्ये आले आणि शेवटी आमच्या दिवाणखान्यात.

मेणबत्तीच्या उजेडात नातू दहा मिनिटे गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, तुमचा कॅट द्या. आणि एक काड्यापेटी."

काड्यापेटी हा आम्हा अंबरनाथकरांचा जिव्हाळ्याचा विषय. विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना आमच्याच गावचा, आणि विम्को नाका हे नाव अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. पण नातवाला काड्या पेटवायला नको होत्या. त्याने मोजून वीस काड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "हा तुमचा जीव."

खेळाचे नाव 'स्काउंड्रल'. झॅक गेज आणि कर्ट बीग या दोघांनी तो २०११ साली रचला. भुयाराचा सगळा पसारा त्यांनी साध्या पत्त्यांच्या जोडात बसवला आहे. जोकर काढायचे, बदाम आणि चौकटचे एक्के, राजे, राण्या, गुलाम काढायचे. उरतात ४४ पाने. इस्पिक आणि किलवर म्हणजे राक्षस. दुर्री हा दोन बळाचा किरकोळ राक्षस, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा आणि एक्का चौदा बळाचा. चौकट म्हणजे हत्यार, बदाम म्हणजे औषध.

चार पाने उलटी-सुलटी न करता सरळ मांडायची. ती झाली एक खोली. त्यांतल्या तिघांचा समाचार घ्यायचा, चौथे पान तिथेच राहते आणि त्याच्याभोवती पुढची खोली उभी राहते. राक्षस नुसत्या हाताने मारलात तर त्याच्या बळाइतक्या काड्या जातात. हत्यार असेल तर त्याचा आकडा वजा करून उरेल तेवढ्याच. बदामाने काड्या परत मिळतात, पण वीसच्या वर नाही, आणि एका खोलीत औषधाचा एकच घोट, दुसरा वाया. खोली फारच भयंकर वाटली तर चारही पाने उचलून जोडाच्या तळाशी सारता येतात. म्हणजे पळून जाता येते. पण लागोपाठ दोन खोल्यांतून पळता येत नाही.

खरी मेख आहे ती हत्याराच्या नियमात. हत्याराने एकदा एखादा राक्षस मारला की पुढे ते त्याहून लहान राक्षसावरच चालते. माझ्या हाती चौकटची सत्ती आली होती. समोर किलवरची तिर्री दिसली. मी आवेशाने सत्ती तिच्यावर चालवली. पुढचे पान इस्पिकचा राजा! आता सत्ती निकामी. नुसत्या हाताने तेरा काड्या गेल्या. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, राजाला आधी मारला असता तर सहाच गेल्या असत्या. आणि तिर्री फुकट." तिसऱ्या खोलीत मी मेलो. बत्तीस वर्षांचा मेंढीकोट काही कामी आला नाही.

त्या रात्रीपासून या खेळाने आमच्या घरात बस्तान ठोकले, आणि मग घर तिथे मते!

नातवाचे मत असे की खेळ अगदीच साधा आहे. नकाशा नाही, खजिना नाही, आवाज नाही, तलवारीचा खणखणाट नाही. "पण मोबाइलमध्ये मेलो की राग येतो," तो म्हणाला, "इथे मेलो की कळतं, चूक कुठे झाली ते."

चिरंजीव हिशेबी. त्यांनी वहीत मांडले की भुयारातल्या सव्वीस राक्षसांचे एकूण बळ २०८. हत्यारांची बेरीज ५४, औषधांची ५४ आणि आपला जीव २०. "म्हणजे एकेक हत्यार एकदाच वापरलंत तर मरण ठरलेलंच. तेच हत्यार मोठ्यापासून लहानापर्यंत पुरवून पुरवून वापरायला हवं." तरीही निम्मा खेळ नशिबाचा आहे अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पहिल्याच खोलीत दोन एक्के आणि दोन राजे आले तर पळण्यावाचून गती नाही.

सूनबाईंना खेळ मनापासून आवडला. त्यांचे कारण मला सुचलेच नसते. "दहा मिनिटांत संपतो, आणि कोणी भिडू लागत नाही. दिवसभर सगळ्यांशी बोलून आल्यावर गप्प बसून खेळता येतं, बाबा."

माझ्या गाडीतल्या जुन्या जोडीदाराने मात्र हे ऐकून कपाळावर हात मारला. "एकट्याने पत्ते? म्हणजे एकट्याने लग्न लावण्यासारखं! ज्यात भांडायला माणूस नाही तो कसला डाव?" मग त्याने सावंतवाडीच्या गंजिफ्याचा दाखला दिला. दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि दहा आकडी पाने. दिवसा रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. "वीर, राक्षस, अवतार, सगळं आपल्याकडे आधीच होतं," तो म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. पण गंजिफ्यालाही निदान तीन माणसे लागतात, आणि तो आमच्याकडे येतो महिन्यातून एकदा.

आणि आमची ही? हिचे मत सगळ्यांत निराळे. ही कधी खोली टाळीत नाही. समोर राजा असो की एक्का, "आलाय ना दारात, मग बघून घेऊ त्याला" म्हणून पुढे होते आणि पाचव्या खोलीत मरते. मी मात्र पळपुटा. संधी मिळाली की पाने तळाशी सारतो. "अहो, तळाशी घातलेली पानं जातात कुठे?" ही विचारते. "शेवटी तुमच्याच पुढ्यात यायची ना ती?"

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी नातवाला तेव्हा ठाऊक नव्हती. मे महिन्यात जिना चढताना माझ्या छातीत आवळल्यासारखे झाले होते. डॉक्टरांनी तपासून अँजिओग्राफी करायला सांगितली, तारीखही दिली. ती तारीख मी टाळली. गणपती तोंडावर आले आहेत, घरात माणसांची ये-जा, हे कारण पुढे केले. दुसरी तारीख मिळाली ती पितृपक्षातली. मी पुन्हा कारण जुळवून ठेवले होते. एका दुपारी ही म्हणाली, "परवा जायचंय ना?" मी म्हणालो, "अगं, पक्ष चालू आहे. दसरा होऊ दे."

नातू जमिनीवर पत्ते मांडून बसला होता. मीही त्याच्याशी खेळत होतो, आणि नुकतीच एक खोली टाळून पुढची चार पाने पाहत होतो. दोन राण्या, एक राजा, एक अठ्ठी. बोलता बोलता मी ती चारही पाने उचलली.

"आजोबा," नातू म्हणाला, "लागोपाठ दोन खोल्या टाळता येत नाहीत."

तो पत्त्यांविषयीच बोलत होता. पण ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिली आणि एक अक्षर बोलली नाही. मी पाने पुन्हा खाली मांडली.

रात्री झोप आली नाही तेव्हा मी माझ्या हत्याराचा हिशेब केला. देवाने मलाही बऱ्यापैकी धार दिली होती. ती कुठे वापरली? सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून, रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून, सूनबाईंशी आमटीतल्या मिठावरून. दुर्री आणि तिर्री! आणि जेव्हा खरा राजा दारात आला तेव्हा माझ्याजवळ एवढे म्हणायचेही बळ उरले नव्हते की, "मला भीती वाटते." मी ते पहाटे हिला सांगितले. ती म्हणाली, "मला मे महिन्यापासून वाटतेय."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. मनगटातून एक बारीक नळी घातली, एका शिरेत मोठा अडथळा निघाला, त्याच दिवशी स्टेंट बसवला. मी जागाच होतो. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर कठीण होते. मी काही बोललो नाही. मनातल्या मनात काड्या मोजत होतो.

घरी आल्यावर हिच्या पिशवीतून औषधे काढताना मला पत्त्यांचा कॅट आणि काड्यापेटी सापडली. बाहेर बसून वेळ जावा म्हणून तिने नेली असणार. "खेळलीस?" मी विचारले.

"कुठलं खेळतेय," ती म्हणाली, "पिसायलासुद्धा हात उचलला नाही."

आता दिवाळी आली आहे. गॅलरीत नातवाने कंदील टांगला आहे. माझ्या ताटलीत चकल्या मोजून दोन आणि लाडू अर्धा. औषधाचा घोट एकाच वेळी एकच, हा नियम आता मला सगळीकडे लागू आहे. शेजारच्या इमारतीत तीन पत्तीचा अड्डा रंगला असेल. आमच्या घरी लक्ष्मीपूजनानंतर भुयार मांडले जाईल. कालच मी प्रथम त्यातून सुखरूप बाहेर पडलो. हातात तीन काड्या उरल्या होत्या.

नातू म्हणाला, "तीनच?"

ही म्हणाली, "पुष्कळ झाल्या."