बिनखटक्याचा गिअर

सोलापूर सपाट आहे, असं इथे नव्याने येणाऱ्याला वाटतं. गावालाही बरीच वर्षं तसंच वाटत आलं, म्हणून इथल्या सायकलींना गिअर कधी लागले नाहीत. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली, पुढे विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी आल्या, आणि भोंगा झाला की पाळी सुटलेल्यांच्या काळ्या सायकलींनी रस्ते भरून जायचे. त्या सायकलीचा हिशेब एकच. पायडलचा एक फेरा म्हणजे साधारण साडेपाच मीटर वाट. समोरून वारं असो, चढ असो, कॅरिअरवर चादरींचं गाठोडं असो, फेरा तेवढाच. कमी-जास्त जे करायचं ते मांड्यांनी करायचं.

पण सायकलवरच्या माणसाला जमीन खरी कळते. उन्हाळ्यात दुपारचं तापलेलं वारं छातीवर घेत होटगी रोडने परतताना सपाट रस्ताही चढणीचा होतो. तुळजापूरच्या रस्त्याला हिप्परग्याचा तलाव मागे पडला की जमीन हलकेच उंचावू लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून ४५० मीटरच्या जवळपास, तुळजापूर ६५० च्या. मधली ही दोनशे मीटर उंची पंचेचाळीस किलोमीटरांत सारखी वाटून आली असती, तर जाणवलीही नसती. पण शेवटी बालाघाटची कड येते आणि राहिलेली बाकी घाट एकदम वसूल करतो. या रस्त्याने मला गिअरचं मोल शिकवलं, आणि तेही जुन्या, बिनखटक्याच्या गिअरचं.

माझी सायकल जुनी आहे, दहा गिअरची. पुढे दोन चकत्या, बावन्न आणि चाळीस दात्यांच्या. मागे पाच, चौदापासून अठ्ठावीस दात्यांपर्यंत. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा मला तीन मीटर पुढे नेतो, सर्वांत जड गिअरमध्ये आठ मीटर. या तीन आणि आठच्या मधलं सगळं राज्य हँडलखालून तिरप्या उतरणाऱ्या नळीवरच्या दोन छोट्या पट्ट्यांच्या हाती आहे. डावी पुढच्या चकत्यांची, उजवी मागच्या.

पट्टी खोलून पाहिली तर आत नवल वाटावं असं काही नाही. विजापूर वेशीकडच्या एका सायकल दुकानातल्या मिस्त्रीमामांनी ती गोणपाटावर उघडून मांडली, तेव्हा समोर आलं ते एवढंच: बोटाएवढी ॲल्युमिनियमची पट्टी, दोन-तीन वॉशर, एक टोपण आणि मधून जाणारा स्क्रू. स्क्रूच्या डोक्याला तारेची कडी, म्हणजे पाना नसला तरी बोटांनी पिळता यावा. मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरमध्ये एक स्प्रिंग असते आणि ती वायरीला सतत आपल्याकडे ओढत राहते. तिला धरून ठेवतं ते वॉशरांचं घर्षण. स्क्रू ढिला झाला तर ऐन चढावर गिअर आपसूक जड होतो. फार आवळला तर पट्टी अंगठ्याला दाद देत नाही. दोहोंच्या मधली जागा ज्याची त्याने शोधायची. मामांनी वॉशर रॉकेलने धुतले, फडक्याने कोरडे केले, पुन्हा बसवले. मागचं चाक उचलून हाताने पायडल फिरवत म्हणाले, “चेन बोलायलीय, ऐका की. बोलायची थांबली की गिअर बसला.”

या एका वाक्यात बिनखटक्याच्या गिअरची सगळी विद्या आहे. नव्या सायकलीत बटण दाबलं की ‘टक’ असा खटका बसतो आणि चेन नेमकी शेजारच्या चकतीवर जाते. पट्टीला असा ठरलेला थांबा नाही. उजवा हात हँडलवरून खाली न्यायचा, पायांचा जोर क्षणभर हलका करायचा पण फेरा थांबू द्यायचा नाही, आणि पट्टी मागे ओढायची. चेन चकतीच्या कडेला घासते, चुळबुळते, मग चढते. थोडी जास्तच ओढावी लागते, नाहीतर ती चढायला कचरते. चढली की तेवढंच, केसभर, पुढे सोडायचं. मग घासण्याचा आवाज विरतो, पायडलखालची किरकिर निवते आणि पायाला कळतं की आता सगळं एका रेषेत आलं. हे सगळं दोन श्वासांत होतं, पण त्या दोन श्वासांत कान, अंगठा आणि पाऊल तिघांनाही हजर राहावं लागतं.

सायकलच्या इतिहासात या पट्टीने मोठा काळ गाजवला. टूर द फ्रान्समध्ये १९३७ सालापर्यंत डिरेलरला मज्जाव होता. पुढे १९५० च्या सुमारास इटलीच्या तुलिओ काम्पान्योलो यांचा वायरीवर चालणारा ग्रान स्पोर्ट डिरेलर आला आणि त्याची घडण पुढच्या पिढ्यांनी उचलली. तिथून तीसेक वर्षं आल्प्सचे घाट या पट्ट्यांवरच चढले गेले. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ होण्यासाठी बोरघाटात झुंजणाऱ्या गिअरवाल्यांचा हातही नळीकडेच जायचा. १९८४ साली जपानच्या शिमानोने ड्युरा-एस या संचात नेमक्या खटक्यांची पट्टी आणली. काही वर्षांतच गिअर ब्रेकच्या मुठीत गेले. हँडलवरचा हात सोडायची गरज उरली नाही.

ही सुधारणा खरी आहे. गर्दीत, उतारावर, शर्यतीच्या शेवटच्या रेट्यात हात हँडलवर राहणं मोलाचं असतं. पण खटक्याला सगळं नेमकं लागतं. वायर किती ताणलेली, चकत्यांमध्ये अंतर किती, डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो कान किती सरळ, यांत जरा फरक पडला की खटका वाजतो पण चेन जागेवर जात नाही. सहा चकत्यांचा खटका सातला चालत नाही. पट्टीला अशी अट नाही. मागे पाच चकत्या असोत की सात, फ्रीव्हील या कंपनीचं असो की त्या, वायर थोडी सैल पडलेली असो, ती सगळ्यांशी जमवून घेते, कारण शेवटचा अर्धा मिलिमीटर तिने माणसाच्या अंगठ्यावर सोपवलेला असतो. धुळीच्या, उन्हाच्या, सुटे भाग सहज न मिळणाऱ्या गावात हा मोठा गुण आहे. लांब पल्ल्याला निघणारे कितीतरी सायकलवाले आजही म्हणूनच ती लावून घेतात.

तमालवाडी, सांगवी ओलांडून घाटाला भिडतो, तेव्हा मला या मोकळीकीची खरी किंमत कळते. कोजागिरीला याच रस्त्याने भवानीच्या दर्शनाला माणसांची रीघ अनवाणी चालत जाते. एरवी ट्रक, एसटी आणि कडेची बाभळ. वळण दिसलं की आधीच ठरवावं लागतं. चढात शिरल्यावर, मांड्या भरून आल्यावर पट्टी ओढली तर चेन कुरकुरते आणि चढत नाही. म्हणून वळणाच्या अलीकडे, रस्ता अजून दमछाक करत नसताना, गिअर हलका करून ठेवायचा. वारं कुठून आहे, पुढचा ट्रक किती रेंगाळतोय, आपल्यात दम किती उरलाय, याचा अंदाज पट्टी माझ्याकडून काढून घेते. घाट चढताना मी घाटाकडे बघत असतो, ते तिच्यामुळे.

यंत्राकडे असं कान देऊन काम करणं सोलापूरला परकं नाही. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून जाताना मागांची खडखड अजून कानी येते. चादरीची नक्षी जकार्डवर उतरते. भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक फिरतात. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मोर आणि फुलं तिथे आधीच ठरलेली असतात. तरी मागाजवळ माणूस उभा लागतोच. ताण्याचा एखादा धागा तुटला, धोटा अडखळला, तर डोळ्यांआधी त्याच्या कानाला कळतं आणि हात दांड्याकडे जातो. पुठ्ठ्याने नक्षी सांभाळली, पण कापड सांभाळलं ते या कानाने. पिढ्यान्‌पिढ्या आवाज ऐकून काम करणाऱ्यांचं हे गाव आहे. सायकलची पट्टीही तोच कान मागते.

यंत्र चांगलं कशाला म्हणावं, याचं माझं उत्तर या पट्टीने घडवलं. जे काम माणसाच्या ताकदीबाहेरचं, ते यंत्राने करावं. तीन मीटर आणि आठ मीटर यांतला फरक माझे पाय निर्माण करू शकत नाहीत, तो चकत्यांनी केला. पण नेमकं कुठे थांबायचं हे मला शिकता येतं, तेवढं यंत्राने माझ्याकडे ठेवावं. शिकता येण्याजोगं सगळंच यंत्र करू लागलं, की आपण नुसते बसून नेले जातो. पट्टीने मला कधी नुसतं नेलं नाही. वर्षानुवर्षं वापरूनही ती प्रत्येक बदलाला थोडं लक्ष मागते, आणि त्या लक्षातच सायकल चालवण्याचा आनंद आहे, असं मी मनापासून मानतो.

म्हणून एक सांगणं आहे. घरात माळ्यावर किंवा जिन्याखाली अशी दहा गिअरची सायकल पडली असेल, तर ती लोखंडाच्या भावात देऊ नका. दुकानदार सगळा संच बदलायला सांगेल, तेव्हा आधी वॉशर धुऊन घ्या, नवी वायर ओवा, स्क्रू बेताने पिळा. बहुतेक पट्ट्या एवढ्याने पुन्हा उभ्या राहतात. मग ती घरातल्या मुलामुलींच्या हाती द्या. पहिले काही दिवस चेन घासेल, गिअर हुकेल, पोरं कंटाळतील. त्यांना बटणाची सायकल लगेच देऊ नका. चेन कधी बोलते आणि कधी शांत होते, हे ज्याला एकदा ऐकू आलं, त्याला पुढे कुठल्याही यंत्राशी नीट वागता येतं.