माळ्यावर कोण राहणार?

सुरतेहून बारडोलीकडे निघाले की वाटेत महामार्गाचा मोठा चौक लागतो, ते कडोदरा. सगळीकडे यंत्रमागांची खडखड आणि कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या. इचलकरंजीत मागावर हात बसलेले आमचे हे इथल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि निपाणीचा संसार गुजरातेत आला. घर घेतले ते जुने, दोन खोल्यांचे, मंगलोरी कौलांचे. कौलांखाली माळा होता. कडेला गेले की डोके वाशाला आपटायचे. म्हणून तिथे पिंपे, जुन्या गाद्या आणि मोडकी सायकल.

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अडाजणला आमच्या ओळखीचे एक कुटुंब होते. ते तीन दिवस वरच्या मजल्यावर बसून राहिले. तेव्हापासून यांच्या मनात होते, आपला माळा राहण्याजोगा करायचा. दोन वर्षांनी मामंजी गेले, सासूबाई निपाणीत एकट्या पडल्या. त्यांना इकडे आणायचे ठरले आणि मग जागेचा प्रश्न टाळता येईना.

गुजरातीत अशा माळ्याला माळियुं किंवा कातरियुं म्हणतात. आपल्याकडे माळा, अटाळा. कन्नडात अट्ट. शब्द वेगवेगळे, पण ठेवायची वस्तू सगळीकडे एकच, अडगळ!

बेत असा होता. छपराच्या एका पाख्याचा मधला भाग काढून तिथे उभी भिंत घ्यायची, तिला खिडकी, आणि वर स्वतंत्र छोटे छप्पर. परदेशात याला डॉर्मर म्हणतात. आपल्या कौलारू घरात उजेडासाठी एखादे काचेचे कौल असते, कन्नडात त्याला बेळकिंडी म्हणतात. मुलांना मी सांगितले, ही आपली मोठी बेळकिंडी, हिच्यात उभे राहता येईल.

लोखंडाचे काम करणाऱ्याने पाहिले आणि म्हणाला, "चार दिवसांचे काम. या आडव्या तुळया डोक्याला लागतात, त्या कापून टाकू. भिंतीवर दोन गर्डर टाकले की झाले." आकडा ऐकून मी खूश झाले. पण त्याच रविवारी यांच्या ओळखीचे एक इंजिनीअर चहाला आले आणि सहज वर डोकावले. खाली उतरले ते गंभीर चेहऱ्याने.

त्यांनी मुलांचे पत्ते मागितले. दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे केले आणि वरून बोटाने दाबले. पत्त्यांचे पाय बाहेर सरकले. "वहिनी, तुमचे छप्पर असेच आहे. वजनाने दोन्ही पाखे भिंतींना बाहेर ढकलतात. ती आडवी तुळई त्यांचे पाय आत ओढून धरते. ती कापली तर पहिल्या पावसात भिंती फाकतील." शिवाय आमच्या भिंती मातीत जुळवलेल्या. गर्डरचे टोक तिथे टेकवले तर सगळा भार वीतभर जागेवर. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात सुरतेतही इमारती पडल्या होत्या. 2002 च्या भूकंप नकाशात सुरत आणि आपले बेळगाव दोन्ही तिसऱ्याच विभागात होते, हेही त्यांनी सांगितले.

मग उपाय? भिंतींवर काही ठेवायचेच नाही. जमिनीत नवे पाये घेऊन लोखंडाचे चार खांब, त्यावर तुळया, आणि आढ्याखालीही एक तुळई. म्हणजे पाखे तिच्यावर टेकतील, भिंतींना ढकलणार नाहीत. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण 200 किलो भार सोसेल अशी धरावी लागते. तो भार माळ्यावरून तुळईत, तुळईतून खांबात आणि खांबातून जमिनीत गेला पाहिजे. मध्ये कुठे अडकता कामा नये. खर्च जवळजवळ दुप्पट झाला.

एवढा खर्च करायचा म्हटल्यावर मी यांना म्हटले, "वरची खोली आईंना देऊ. त्यांना निवांतपणा मिळेल." हे काही बोलले नाहीत. फोनवर मीच आईंना सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अट्टदाग सामान इडतार, मंदीन अल्ल." माळ्यावर सामान ठेवतात, माणसे नाही.

फोन ठेवला आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायचे राहिले. निवांतपणा मला हवा होता, त्यांच्या नावावर मी मागत होते. दुखऱ्या गुडघ्यांची बाई तो उभा जिना दिवसातून किती वेळा चढली असती? हा हिशेब मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला. खालची खोली त्यांची आणि मुलांची, वर आम्ही दोघे.

लोखंड आले. 200 मिलीमीटर उंचीच्या तुळईचे वजन मीटरला पंचवीस किलो, म्हणजे सहा मीटरची एक तुळई दीडशे किलोंची! गल्लीत क्रेन शिरेना. यांच्या कारखान्यातल्या खानदेशी आणि ओडिया पोरांनी ती खांद्यावर आणली आणि चेनपुलीने वर चढवली. आय आकाराचीच तुळई का, हे मुलाला फूटपट्टीने कळले. आडवी धरली तर पट्टी वाकते, उभी धरली तर वाकत नाही. जुन्या लाकडाशेजारी ठिणगी नको म्हणून बरेच जोड बोल्टांचे घेतले. वेल्डिंग करायचेच तिथे ओली पोती आणि पाण्याच्या बादल्या. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून खिडकी पूर्वेला.

तरीही पहिल्याच पावसात नव्या भिंतीच्या आणि कौलांच्या सांध्यातून पाणी आले. पत्र्याची पन्हळ काढून कौलांखाली वीतभर आत सरकवून बसवली, तेव्हा गळती थांबली. भिंतींना मात्र एक तडा गेला नाही.

आई दिवाळीला आल्या. एकदाच जिना धरत धरत वर चढल्या. खिडकीपाशी बसल्या, खांबावरून हात फिरवला. "गाळी चलो बरतद," म्हणाल्या. वारा छान येतो. आणि खाली गेल्या. नंतरची नऊ वर्षे त्या खालीच राहिल्या. संध्याकाळी शेजारणी त्यांच्या कॉटभोवती जमत, अज्जीच्या गुजरातीला हसत आणि तिच्या हातचे कट्ट सार वाटीने नेत. तिच्या आवाजाशिवाय मला वर झोप लागत नसे, हे ती गेल्यावर कळले.

आता माझेच गुडघे कुरकुरतात. मुलाचे लग्न झाले आहे. परवा सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही खाली या. आम्ही वर जातो." मी हो म्हटले. आईंची कॉट अजून तिथेच आहे.