आवाजातले इंदूर

राजवाड्याच्या सात मजल्यांचे छायाचित्र कोणीही घेईल. पण त्याच्या सावलीत बोलली जाणारी आपली मराठी छायाचित्रात उमटत नाही. म्हणून आम्ही घरच्या घरी पॉडकास्ट, म्हणजे सवडीने ऐकावयाची श्राव्यमालिका, सुरू केली. आकाशवाणीच्या इंदूर केंद्राने १९५५ साली आरंभिलेले काम आज मोबाइलवरही साधते.

या उद्योगाने प्रथम शिकविले ते शहर कानांनी पाहणे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी वाहनांचा गलका बोलणे गिळून टाकतो. तेथील ध्वनी मिनिटभर वेगळा टिपावा. संभाषण मात्र रजया-गाद्यांच्या खोलीत करावे, कारण कापड प्रतिध्वनी शोषून घेते.

दुसरा धडा मौनाचा. वृद्ध माणूस बोलता बोलता थांबला, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. खरी आठवण पुष्कळदा त्या विरामानंतरच येते. माळवी शब्दांत भिजलेली. ते शब्द ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात पडू नये.

१९८४ च्या आगीत होरपळलेला राजवाड्याचा भाग पुन्हा बांधता आला. आजीचा आवाज असा पुन्हा बांधता येत नाही. श्रोते किती, हा हिशेब मागाहून. वाचकहो, आधी घरातील थोरांपुढे बसावे.