रिकामा रकाना

डेटाबेसशी काम करायला मी आजही काळा टर्मिनलच उघडते. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल हा माझा क्लायंट. प्रॉम्प्टपुढे प्रश्न टाइप करायचा, अर्धविराम द्यायचा, एंटर दाबायचं. अर्धविराम राहिला तर तो उत्तर देत नाही, पुढच्या ओळीची वाट पाहतो.

मी काम करते त्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात याचा उघड फायदा रेंजचा. खोडाळा, सूर्यमाळ भागात पावसाळ्यात नेट जेमतेम असलं तरी चार अक्षरं जातात आणि दहा ओळी परत येतात, तेवढं पुरतं. सर्व्हरवर टीमक्स चालू ठेवलं की लाइन तुटली तरी काम जिथल्या तिथे सापडतं. पण रेंज चांगली असती तरी मी हेच वापरलं असतं.

माझ्याकडे अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार उंचीच्या मानाने वजन उणे 3 एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) खाली गेलं, की मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित; उणे 3 ते उणे 2 मध्ये असलं, की मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. हे गणित संगणक चटकन करतो. अवघड असतो तो वजनाचा रिकामा रकाना.

दिवाळी झाली की इथली माणसं जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात, होळीला परततात. त्या महिन्यांत मुलाचं वजन होत नाही, रकान्यात नल राहतो. नल म्हणजे शून्य नव्हे. माहिती नाही, एवढंच. सरासरी काढताना एसक्यूएल नल वगळतं आणि तसं सांगतही नाही. समजा, एका पाड्यावर 40 मुलं आहेत, त्यांत 6 सॅम-मॅम. 15 मुलं भट्टीवर गेली आणि ही सहाही त्यांच्यातच होती. उरलेल्या 25 मुलांत कुपोषण शून्य! तक्त्यात पाडा सुधारलेला दिसतो. खोटं कोणी लिहिलेलं नसतं, तरी चित्र खोटं असतं.

म्हणून मी काउंटमध्ये एकदा तारा घालते आणि एकदा वजनाचा रकाना, दोन्ही एकाच ओळीत. पहिला आकडा पटावरच्या मुलांचा, दुसरा वजन झालेल्यांचा. फरक दिसला की पटाला त्या महिन्याच्या वजनांशी लेफ्ट जॉइन करायचं आणि जिथे जोड मिळाली नाही तेवढ्याच ओळी मागायच्या. जी समोर आली नाहीत, त्या मुलांची नावं समोर येतात. मला या कामातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो, आणि तो तयार बटणांत क्वचितच असतो.

पीएसक्यूएल नल आपणहून कोरा दाखवतो, म्हणजे रिकाम्या मजकुरात आणि नलमध्ये डोळ्यांना फरक कळत नाही. त्यावर बॅकस्लॅश पीसेट नल ही आज्ञा आहे. माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये तिच्यापुढे ‘वजन नाही’ असं लिहिलेलं आहे. यादी काढली की हे दोन शब्द ओळीओळीत दिसतात. जॉइनच्या आधी नावंही तपासावी लागतात. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसणारं पाड्याचं नाव डेटाबेसला वेगळं वाटतं आणि मूल विनाकारण गैरहजर ठरतं.

दुरुस्ती करायची तर आधी बिगिन, म्हणजे कमिट म्हणेपर्यंत बदल मागे घेता येतो. एका मुलाचं वजन बदलायला गेलं आणि क्लायंटने ‘अपडेट 3’ म्हटलं, तर त्याच नावाची आणखी दोन मुलं पाड्यावर आहेत. मग रोलबॅक, आणि नावाऐवजी मुलाच्या क्रमांकावर अट. बदललेल्या ओळींचा आकडा वाचल्याशिवाय कमिट करू नये.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू 1992 साली राज्यापुढे आले. त्यानंतर या भागातल्या मुलांचे तक्ते पुष्कळ झाले. स्थलांतरितांचा माग ठेवणारी महाएमटीएस ही व्यवस्था राज्याने आणली, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत पालघर होता. ते योग्यच झालं. गेलेल्या मुलाचं नाव भट्टीजवळच्या अंगणवाडीपर्यंत पोचलं, तर त्याचं वजन तिथे होऊ शकतं, आहारही मिळू शकतो. त्यासाठी आधी ते नाव कोणीतरी यादीतून बाहेर काढायला हवं.

तुमच्या हाती कुपोषणाचा कोणताही अहवाल आला, तर टक्केवारीच्या आधी एक आकडा मागा: किती मुलांचं वजन झालंच नाही?