फाटकावरची माणसे

मानसशास्त्राच्या पेपरात स्टॅनफर्डचा तुरुंग हमखास येतो, म्हणून तो आम्हां सर्वांना तोंडपाठ! ऑगस्ट १९७१. विद्यापीठाच्या तळघरात लुटुपुटीचा तुरुंग. रोजचे १५ डॉलर घेऊन आलेले विद्यार्थी. नाणेफेक झाली, काही पहारेकरी झाले, काही कैदी. छळ इतका वाढला की दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला. प्राध्यापक झिंबार्डोंचा निष्कर्ष असा, की माणूस वाईट नसतो, भूमिका त्याला वाईट करते. पाच मार्कांना एवढे पुरते.

मराठी माणसाला यात फारसे नवल वाटू नये. चार वर्षे आधी, १९६७ साली, तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले होते. वेळ घालवायला काढलेला खोटा खटला, आणि बघता बघता बेणारेबाई खऱ्याच पिंजऱ्यात! पण तेंडुलकर मला अधिक खोल गेलेले वाटतात. वकिली न चालणारे सुखात्मे काय, न्यायाधीश होऊन बसलेले काशीकर काय, जे पोटात होते तेच ओठांवर आले. कोर्टाने फक्त मुभा दिली.

हे सारे मी घरी रंगवून सांगत होते. आमचे घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. आण्णा एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत. पाळी सुटली की कामगारांची झडती घ्यायची. रांगेत आमच्याच इमारतीतले शेजारी. आण्णा डबा उघडायला लावत, पण आधी विचारत, "काय राव, आज भाजी कसली होती?" झडती होई आणि माणसाची मानही राही. तीन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. ओळख दाखवायची नाही, आवाज चढवूनच बोलायचे, असा हुकूम. बरोबरचे दोघे आठवड्यात बदलले. घरी पोरांना खांद्यावर घेणारी माणसे ती! आण्णांना काही जमले नाही. 'ढिला' असा शेरा मिळाला, आणि मागच्या फाटकावर कायमची रात्रपाळी. आई अजून म्हणते, "थोडं ओरडला असतात तर काय बिघडलं असतं?"

माझी गोष्ट ऐकून आण्णांनी एवढेच विचारले, "त्या पोरांना कडक वागायला सांगितलं कुणी?"

आमच्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते. शोधता शोधता तिबो ल तेक्सिए या फ्रेंच संशोधकाचा २०१९ मधला लेख हाती लागला. त्याने जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासली. कसे वागायचे याच्या सूचना पहारेकऱ्यांना आधीच मिळाल्या होत्या. एका मवाळ पहारेकऱ्याला तर वॉर्डन झालेला विद्यार्थी समजावतो आहे, की बाबा रे, जरा कडक हो. तुरुंगाचे अधीक्षक खुद्द झिंबार्डो! पुढे २००१ मध्ये ब्रिटनमध्ये असाच तुरुंग उभारला गेला, तेव्हा तिथल्या पहारेकऱ्यांना आपली भूमिका नीट अंगवळणी पाडताच आली नाही.

म्हणजे आमच्या आण्णांचे नवे साहेब तिथेही होते.

हे मी त्यांना वाचून दाखवले. ते डबा पिशवीत ठेवत होते. म्हणाले, "आणि त्या मवाळ पोराचं पुढे काय केलं?"

"काही नाही. सहा दिवसांत प्रयोगच संपला."

"बरंय त्याचं," आण्णा म्हणाले, आणि सायकल काढून पाळीवर गेले.