नवं तुला, जुनं मला

भूम, माघातली दुपार

अगं ए बाई,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. त्यात निम्मा वेळ बर्फ, उरलेल्या निम्म्यात तुझी खालच्या मजल्यावरची म्हातारी आणि तिचे कचऱ्याच्या डब्यांचे नियम. आणि अगदी शेवटी आवाज खाली आणून, चोरून चिंच मागावी तसं, "ए, तो नवा स्विच टू घेऊ का गं?" घोड्यासारखी वाढलेली दोन पोरं, डोक्यात पांढऱ्या बटा, आणि बाईसाहेबांना गेमचं नवं यंत्र हवंय! हसून हसून माझा चहा ओट्यावर सांडला.

पण तू हा प्रश्न मला विचारतेस म्हणजे कमाल आहे. तू नवं घेतलंस की तुझं आत्ताचं ओएलईडी यंत्र माझ्याकडे येणार, हे तूच दिवाळीत कबूल केलं आहेस. म्हणजे इथे न्यायाधीशालाच वारसाहक्क आहे. त्यामुळे मी "घे गं, आयुष्य एकदाच मिळतं" असं म्हणाले असते तर काय ते तू समजलीच असतीस. तुला सांगते, पहिले दोन दिवस मी तसंच म्हणणार होते. मग विचार केला, शाळेपासून तुझा अर्धा डबा खाल्लाय, निदान एकदा खरं बोलावं.

आधी इकडची हालहवाल. तू दिलेला तो पिवळा स्विच लाइट ठणठणीत आहे. रात्री जेवणं उरकली, ओटा पुसला की मी त्यावर शेती करते. तो स्टारड्यू व्हॅली तूच टाकून दिला होतास ना, त्यानं माझं वाटोळं केलंय. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं चित्रं, संगीत, गोष्ट सगळं स्वतः करून 2016 साली तो खेळ आणला, हे वाचलं तेव्हापासून माझा त्याच्यावर फार जीव आहे. त्यात सुरुवातीला पार्सनिप नावाचा पांढरा कंद लावायचा. बी 20 ला, चार दिवसांत पीक हातात, विक्री 35 ला. माल दारातल्या पेटीत टाकून झोपायचं, सकाळी पैसे जमा. आडत नाही, हमाली नाही, काट्यावरची भांडणं नाहीत. हे मी मोठ्या कौतुकानं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ओल किती धरतेत गं?" सोयाबीन घातलेल्या बाईचा प्रश्न! माझ्याकडे उत्तर नव्हतं. एरिक बॅरोनकडेही नसेल.

आणि आमचे हे! 2025 च्या जुलैत विधिमंडळातला तो रमीचा व्हिडिओ गाजला होता बघ. तेव्हाचे कृषिमंत्री म्हणाले होते की आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो. तेव्हापासून घरात माझं नाव कृषिमंत्री पडलंय. भाजी करपली की "मंत्रिमहोदय जाहिरात बंद करत होत्या वाटतं." शेजारच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन, तोंडावर पदर धरून विचारलं, "अगं, सरकारनं बंद केलेत ना हे गेम?" त्यांनी टीव्हीवर पैसे लावून खेळायच्या खेळांवरच्या कायद्याची बातमी ऐकली होती. मी म्हटलं, काकू, यात पैसे लागत नाहीत, नुसती झोप जाते.

सप्टेंबरात मात्र मी ते यंत्र कपाटात ठेवून दिलं होतं. 2025 चा तो पाऊस. परंड्याकडे माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आपल्या भागात नुसती पिकं गेली नाहीत, माती खरडून गेली, खाली खडक उघडा पडला. आमच्या बांधाकडचं तुला फोनवर सांगितलंच आहे, पुन्हा लिहीत नाही. एका रात्री सवयीनं खेळ सुरू केला, तर त्यातही पाऊस. त्या खेळात पाऊस म्हणजे चैन असते, आज पाणी घालायला नको, जा मासे धरायला. मी बटण दाबून अंधार केला आणि बसून राहिले. पुढे कितीतरी दिवस हात लावला नाही. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, तुला तिकडे बसून रडायला निमित्त नको म्हणून.

तर असो. तुझा प्रश्न.

मी रीतसर चौकशी केली. म्हणजे पुण्याला चिरंजीवांना फोन लावला. तो आधी गप्पच झाला, मग म्हणाला, "मम्मी, मोबाईलवर बीजीएमआय फुकट आहे." म्हटलं, गोळीबार नको, माहिती दे. मग गडी खुलला, आणि पोराशी मार्कशीट सोडून दुसऱ्या कशावर तरी पोटभर बोलणं झालं, तेवढा तुझ्या प्रश्नाचा फायदा.

नवा स्विच टू 5 जून 2025 ला आला. तेव्हा तुमच्याकडे जर्मनीत 469.99 युरोला होता, म्हणजे आपले पन्नास हजारांच्या आसपास. इकडे निन्टेन्डो कंपनी तो अधिकृतपणे विकतच नाही, जे येतं ते बाहेरून आणणाऱ्यांकडून, आणि बिघडलं तर आपलं नशीब. पडदा 7.9 इंची, तुझा 7 इंची. चित्र जास्त रेखीव, हालचाल जास्त मऊ. आत जागा 256 जीबी, तुझ्यात 64. टीव्हीला जोडलं तर फोर-के. जुने खेळ बहुतेक सगळे चालतात, आणि काही तर चांगले सुधारतात. तो पोकेमॉन स्कार्लेट तुझ्याकडे अडखळत चालतो म्हणून तू त्याला शिव्या घालतेस ना, तो नव्यावर फुकटच्या अपडेटनंतर लोण्यासारखा चालतो म्हणे. झेल्डाच्या सुधारित आवृत्तीला मात्र वेगळे पैसे मोजायचे.

इथपर्यंत ऐकून मी तुझ्या बाजूनं झाले होते. म्हणजे माझ्याच.

मग तो म्हणाला, पण मम्मी, पडदा ओएलईडी नाही. जुन्या महागड्या यंत्रात जो पडदा होता तो नव्यात नाही, त्यात साधा एलसीडीच घातलाय. आता तू कधी खेळतेस ते मला ठाऊक आहे. भाऊजी झोपले की डोक्यावरून पांघरूण घेऊन, दिवा बंद करून. त्या अंधारात तुझ्या यंत्रातला काळा रंग काळाच दिसतो. एलसीडीतला काळा मागच्या उजेडानं राखाडी पडतो. दुसरं, बॅटरी. तुझं एका चार्जिंगवर साडेचार ते नऊ तास चालतं, नवं दोन ते साडेसहा. पन्नास हजार मोजून कमी तास, हा कुठला सौदा? तिसरं वजन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तू खेळता खेळता झोपतेस आणि ते नाकावर आदळतं, हे तूच सांगितलं आहेस. तुझं 420 ग्रॅम आहे, नवं 534. नाकाला विचारून ठरव.

शिवाय तुझं ते मेमरी कार्ड, ज्याच्यावर तू इतके खेळ साठवलेस, ते नव्यात खेळांसाठी चालत नाही. त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस नावाचं वेगळं, महाग कार्ड लागतं. आणि नव्या खेळांची एक तऱ्हा ऐक. दुकानातून डबी आणायची, आत कार्ड, पण पुष्कळदा कार्डात खेळ नसतोच, नुसती किल्ली. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, आणि कार्ड आत घातल्याशिवाय तो चालू व्हायचा नाही. तुझ्याकडे वारं प्यायलेलं इंटरनेट आहे म्हणून ठीक. इकडे आभाळ भरून आलं की आमचं वायफाय आधी जातं, वीज नंतर.

आणि दुरुस्ती! पेढ्याची गोष्ट तुला सांगायची राहिली. नणंदेची धाकटी आली होती. तिच्या एका हातात कुंथलगिरीचा पेढा, दुसऱ्या हातात माझं यंत्र. सगळी तूपसाखर बटणाच्या फटीत. बटण दाबलं की खालीच राहायचं, माझा शेतकरी सारखा कुऱ्हाड चालवत सुटला. घेऊन गेले स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडे. त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं. "बाळाचं का ताई?" म्हटलं, माझं. तो एक शब्द बोलला नाही, पण दुकानातली बाकीची तिन्ही गिऱ्हाईकं माझ्याकडे वळली. त्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे निघाले, तसा स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याकडे नव्हता. त्यानं तो मागवला, आल्यावर निरोप धाडला, आणि मी स्टुलावर बसले असताना एकेक भाग काढून, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून, बटणाखालचं ते रबर असं पुसलं की जणू कुणाच्या डोळ्यातलं कुसळ काढतोय. मग नाकाशी नेलं आणि म्हणाला, "खवा चांगला होता." पोरीच्या हाताला वाया गेला, नाहीतर खरंच चांगला होता. तर तुला सांगायचं हे की आयफिक्सिट म्हणून यंत्रं उघडून तपासणारी मंडळी आहेत, त्यांनी स्विच टूला दुरुस्तीच्या सोयीसाठी 10 पैकी 3 गुण दिलेत. बॅटरी आत घट्ट चिकटवून टाकलेली. आमचा मोबाईलवाला हुशार आहे, पण उगाच त्याची परीक्षा कशाला?

या निमित्तानं मी एक वाचलं, ते तुला आवडेल. गुनपेई योकोई नावाचे गृहस्थ होते निन्टेन्डोत. म्हणे रेल्वेत कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरशी चाळा करताना त्यांनी पाहिला आणि त्यावरून हातात मावणारे खेळ सुचले. 1989 ला त्यांच्या चमूनं गेम बॉय आणला. त्यांचं धोरण असं, की जुनं, स्वस्त, नीट कळलेलं तंत्र घ्यायचं आणि गंमत नवी काढायची. म्हणून पडदा हिरवट, रंग नाही, मागे उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, उजेडाचा, दिसायला देखणा. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत ढेर. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास आरामात. गेम बॉय, पुढचा रंगीत धरून, 11 कोटी 80 लाखांच्या वर विकला गेला. गेम गिअर सुमारे 1 कोटी. सेलचं महत्त्व योकोईंना कळलं, आणि त्यानंतर आपल्या दोघींना. आलमप्रभूच्या यात्रेतला तुझा ब्रिक गेम! वर 9999 खेळ लिहिलेले आणि आत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मॉस्कोच्या पाजित्नोवनं 1984 साली केलेल्या टेट्रिसचं ते चोरटं चुलत भावंड होतं, हे आपल्याला कुठे माहीत! सेल उतरले की तू ते दाढेखाली चावायचीस, पत्रा चेपला की अजून अर्धा तास चालायचं, आणि तो अर्धा तास कुणाचा यावर आपलं बोलणं बंद. अजूनही मला वाटतं त्यातले जास्त अर्धे तास तूच खाल्लेस.

तर निकाल ऐक. नको घेऊस, आत्ता तरी नको. तू पलंगावर आणि लोकल गाडीत खेळणारी बाई आहेस. नव्याचं जे खरं वैभव आहे ते टीव्हीपुढे दिसतं, आणि तुमचा टीव्ही तर भाऊजींच्या फुटबॉलनं कायमचा बळकावलाय. जुना स्विच जगात 15 कोटींच्या वर खपलाय, त्याला खेळ बनवणारे इतक्यात वाऱ्यावर सोडणार नाहीत. तुझ्याकडे विकत घेऊन उघडलेही नाहीत असे किती पडलेत, ते आधी मोज. मला कळवू नकोस, मला लाज वाटेल.

पण एक फट ठेवते. फक्त नव्यावरच येणाऱ्या एखाद्या खेळापायी तुझी झोप उडाली, तो डाँकी काँग बनान्झा असो की तो 24 जणांच्या शर्यतीचा मारिओ कार्ट, तर खुशाल घे. किंवा उन्हाळ्यात पोरं घरी येऊन चौघं मिळून दिवाणखान्यात धिंगाणा घालणार असाल तर घे. पोरांनी आईच्या शेजारी आपणहून बसावं यासाठी पन्नास हजार जास्त आहेत की कमी, हे मी इथून नाही सांगू शकत. माझा तर पुण्याहून फोनही मी लावल्याशिवाय येत नाही. म्हणजे आता येतो कधीकधी. परवा म्हणाला, "मम्मी, तुझं कोणतं वर्ष चालू आहे शेतात?" मी पाणीच भरायचं विसरले.

घेतलंसच, तर जुनं पोस्टानं धाडू नकोस, कस्टमवाले अडकवतील. मे महिन्यात येशील तेव्हा हातातल्या पिशवीतून आण, आणि डबीबरोबर चार्जर आण, मागच्या वेळी तू नुसती वायर आणली होतीस. तुझ्यासाठी दोन किलो खवा सांगून ठेवते. पण यंत्राला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, हा आता आमच्या घरचा कायदा आहे आणि पाहुण्यांना सूट नाही.

भाऊजींना नमस्कार, पोरांना धपाटे.

तुझीच,
कृषिमंत्री

ता. क. सासूबाईंनी आत्ताच खोलीतून ओरडून विचारलंय, त्या जर्मनीवालीला विचार म्हणे, त्या नव्या यंत्रातल्या शेतीला पीकविमा आहे का? असला तर घ्यायला सांग.